जुन्या फिल्म-कॅमेरा लेन्सच्या आवृत्त्यांची ओळख

फिल्म कॅमेऱ्याला लावता-काढता येणारी जुनी लेन्स तिच्या नावाच्या नेमक्या कोणत्या आवृत्तीची आहे, हे बाहेरच्या खुणा आणि आतली बांधणी पाहून ठरवण्याची रीत. लोकप्रिय लेन्सचे उत्पादन वर्षानुवर्षे चालत असे. दरम्यान आतल्या काचांची रचना, काचांवरचे लेप, प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राच्या पात्या आणि नळीची घडण बदलत जाई, पण कडेवर कोरलेले नाव बरेचदा तेच राही. ‘पहिली’, ‘दुसरी’ अशी वर्गवारी पुष्कळदा संग्राहकांनी मागाहून केलेली आहे. कारखान्याच्या लेखी ती एकच लेन्स होती.

पेंटॅक्सची सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ हे याचे नमुनेदार उदाहरण. १९६४ मध्ये ती आठ एलिमेंटची, म्हणजे आत आठ भिंगकाचा असलेली, होती. थोड्याच वर्षांत त्याच नावाखाली सात एलिमेंटची आली. फरक ओळखायला लेन्स खोलावी लागत नाही. किती अंतरापासून किती अंतरापर्यंतचे स्पष्ट येईल ते दाखवणाऱ्या, नळीवरच्या खोलीदर्शक पट्टीवर इन्फ्रारेडसाठी एक तांबडी खूण असते. ती ४ या आकड्याच्या उजवीकडे पडली तर लेन्स आठ एलिमेंटची, ४ आणि मधली रेषा यांच्यामध्ये पडली तर सातची. सात एलिमेंटच्या लेन्समध्ये थोरियमयुक्त काच असल्याने ती काळाने पिवळसर होते आणि अतिनील प्रकाशात ठेवल्यावर बरीचशी निवळते. त्यामुळे नितळ दिसते म्हणून लेन्स आठचीच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे.

कुठल्याही लेन्सला लागू पडणारी कसोटी म्हणजे प्रतिबिंबे मोजणे. अंधाऱ्या खोलीत छिद्र पूर्ण उघडून लेन्समध्ये तिरकी छोटी बॅटरी धरायची. हवा आणि काच जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागाचा एक ठळक ठिपका दिसतो. चिकटवलेल्या दोन काचांच्या सांध्याचा ठिपका इतका अंधुक असतो की तो नजरेतून सहज निसटतो. बॅटरी हलवली की काही ठिपके तिच्या दिशेने, तर काही उलट सरकतात, म्हणून मोजणी सोपी होते. जर्मन झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सवर बेतलेल्या सोव्हिएत हेलिओस-४४ मध्ये चार गटांत सहा एलिमेंट आहेत (एकत्र चिकटवलेल्या काचांचा मिळून एक गट, सुटी काच हाही एक गट), म्हणजे आठ ठळक आणि दोन अंधुक ठिपके.

निकॉनच्या सुरुवातीच्या एफ-माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची निकॉनची पद्धत) लेन्सवर एलिमेंटची संख्या अक्षरातच दिलेली असे. हे अक्षर लॅटिन वा ग्रीक संख्यावाचकाचे आद्याक्षर असे : क्यू म्हणजे चार, पी पाच, एच सहा, एस सात, ओ आठ. निक्कोर-एच ५० मिमी एफ/२ सहा एलिमेंटची, तर निक्कोर-एस ५० मिमी एफ/१.४ सातची. पण अक्षर संख्या सांगते, रचना सांगत नाही. निक्कोर-पी १०५ मिमी एफ/२.५ आधी सोनार पद्धतीची, तीन गटांत पाच एलिमेंटची होती. १९७१ मध्ये ती गाउस पद्धतीची, चार गटांची झाली. एलिमेंट पाचच राहिल्याने अक्षरही ‘पी’च राहिले. इथे पुन्हा बॅटरी कामी येते : सहा ठळक ठिपके असतील तर जुनी, आठ असतील तर नवी. ऑलिंपसच्या ‘जी. झुइको’, ‘एफ. झुइको’ मधली अक्षरे इंग्रजी वर्णमालेतल्या क्रमाने सात आणि सहा एलिमेंट दाखवतात.

क्रमांकांची भाषा प्रत्येक कारखान्याची निराळी. कॅननच्या लेन्सच्या मागच्या बाजूच्या छोट्या शिक्क्यात पहिले अक्षर कारखान्याचे, दुसरे वर्षाचे आणि पुढचे आकडे महिन्याचे असतात. ए म्हणजे १९६०, त्यामुळे ‘यूआर०९’ म्हणजे उत्सुनोमियाचा कारखाना, सप्टेंबर १९७७. व्हिव्हिटार स्वतः लेन्स बनवत नसे, म्हणून तिच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे खरा निर्माता सांगतात : २२ किरॉन, ३७ टोकिना, २८ कोमिने. सीरिज १ मधली ७०–२१० मिमी झूम या तिघांनीही बनवली. किरॉनच्या लेन्सला ६७ मिमीचा फिल्टर लागतो, बाकी दोघांच्या लेन्सना ६२ मिमीचा.

सोव्हिएत लेन्सच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे बहुधा वर्षाचे असतात. प्रिझममधून जाणाऱ्या किरणाचे चिन्ह क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याचे. खरी गफलत होते ती ३९ मिमीच्या आट्यांत. झेनिट (लेन्समधूनच दृश्य दाखवणारे, आरशाचे सोव्हिएत कॅमेरे) आणि रेंजफाइंडर (वेगळ्या खिडकीतून पाहायचे, आरसा नसलेले) कॅमेरे या दोहोंच्या काही लेन्सना हेच आटे आहेत, पण लेन्स कॅमेऱ्यावर टेकते तिथपासून फिल्मपर्यंतचे अंतर झेनिटचे ४५.२ मिमी आणि रेंजफाइंडरचे २८.८ मिमी. रेंजफाइंडरची लेन्स झेनिटवर बिनतक्रार बसते, मात्र अगदी जवळच्या वस्तूच स्पष्ट दिसतात.

नाव आणि क्रमांक असलेली पुढची कडी सहसा फिरवून काढता येते, त्यामुळे दुरुस्तीत किंवा लबाडीने ती बदललेली असू शकते. म्हणूनच निव्वळ समोरून काढलेल्या फोटोवरून आवृत्ती सांगणे अंदाजपंचे. हेलिओस-४४-२ मध्ये छिद्राच्या पात्या आठ, ४४एम-४ मध्ये सहा. कडीवर ‘४४-२’ आणि आत सहा पात्या दिसल्या, तर ती कडी दुसऱ्याच लेन्सची आहे.