एनईएस आणि फॅमिकॉम: पिन एक, अडॅप्टर दोन

निन्टेन्डोच्या फॅमिकॉम किंवा एनईएस या जुन्या व्हिडिओ गेम कन्सोलचा अडॅप्टर हरवला किंवा जळाला की दोन सल्ले हमखास मिळतात: ‘पिन बसली म्हणजे चालेल’ आणि ‘नऊ काय नि दहा काय, व्होल्टने एवढा फरक पडत नाही’. दुसरा सल्ला बराचसा खरा आहे. पहिल्या सल्ल्यापायी मात्र धडधाकट फॅमिकॉम निकामी होतात, आणि तरीही तो तितक्याच आत्मविश्वासाने पुन्हा पुन्हा दिला जातो.

जपानमध्ये १९८३ साली आलेला फॅमिकॉम आणि अमेरिकेत १९८५ साली आलेला एनईएस ही एकाच यंत्राची दोन रूपे आहेत, हे या छंदातल्या माणसाला नव्याने सांगायला नको. एकाची कॅसेट ६० पिनांची, दुसऱ्याची ७२. पेट्यांचे आकार वेगळे, आतला खेळ तोच. अडॅप्टरची गोल पिनही दोघांची तीच, बाहेरून ५.५ आणि आतून २.१ मिलिमीटरची, आणि घोटाळ्याचे मूळ नेमके इथे आहे.

एनईएसचा मूळ अडॅप्टर, म्हणजे एनईएस-००२, ९ व्होल्ट एसी, म्हणजे दिशा पालटत राहणारी वीज, बाहेर देतो. फॅमिकॉमचा एचव्हीसी-००२ हा १० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, देतो, आणि त्यातही पिनेचा मध्यभाग ऋण, बाहेरचा भाग धन असतो. दोन्हींच्या अंगावर ‘एसी अडॅप्टर’ असेच छापलेले असल्यामुळे त्या शब्दांना काडीचेही महत्त्व देऊ नये. वाचायची ती फक्त आउटपुटची ओळ. तिथे आकड्याशेजारी नागमोडी रेघ असेल तर एसी, आणि सरळ रेघेखाली तुटक रेघ असेल तर डीसी.

हा फरक एवढा महत्त्वाचा का, हे कन्सोलच्या आत पाहिल्यावर कळते. दोन्ही यंत्रांतल्या चिप ५ व्होल्टवर चालतात आणि ते ५ व्होल्ट ७८०५ नावाचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्ट ठरावीक पातळीवर राखणारा भाग, पुरवतो. एनईएसमध्ये या रेग्युलेटरच्या आधी चार डायोडचा (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांचा) ब्रिज रेक्टिफायर बसवलेला आहे. बाहेरून आलेली वीज कोणत्याही दिशेने आली तरी हा ब्रिज ती एकाच दिशेने पुढे सोडतो, आणि म्हणून एनईएसला एसी चालते, डीसी चालते आणि उलटी डीसीसुद्धा चालते. ब्रिजमध्ये साधारण दीड व्होल्ट खर्च होतो, इतकेच. फॅमिकॉममध्ये हा ब्रिज नाही, कारण एसीची डीसी करण्याचे काम त्याच्या अडॅप्टरच्या आतच उरकलेले असते. अशा यंत्राला एनईएसचा अडॅप्टर जोडला की दिशा सतत पालटणारी वीज थेट रेग्युलेटरवर आणि त्याच्या शेजारच्या, वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर येते. ९ व्होल्ट एसीचे शिखर पावणेतेरा व्होल्टच्या आसपास जाते, आणि प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात ते उलट्या दिशेने आदळते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरला उलटा दाब सोसत नाही. तो तापतो, फुगतो, कधी फुटतो. ७८०५ सुद्धा उलट्या इनपुटसाठी बनवलेला नाही.

म्हणजे ही चूक एकाच दिशेने महाग पडते. फॅमिकॉमचा डीसी अडॅप्टर एनईएसला निर्धास्त लावावा. एनईएसचा एसी अडॅप्टर फॅमिकॉमच्या जवळही नेऊ नये. एनईएसवर अनुभव घेऊन ‘मी कोणताही अडॅप्टर लावतो, काही होत नाही’ असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. पण ती सहनशक्ती त्यांच्या अडॅप्टरची नसून त्या चार डायोडची असते.

लेबल पुसले गेले असेल तर मल्टिमीटर घ्यावा, तो डीसीच्या २० व्होल्टवर ठेवावा, लाल टोक पिनेच्या पोटात आणि काळे बाहेरच्या धातूला लावावे. आकड्याआधी वजाचे चिन्ह आले तर मध्यभाग ऋण आहे, म्हणजे फॅमिकॉमला हवा तसा. जुना ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर भाराशिवाय छापील आकड्यापेक्षा बरेच जास्त व्होल्ट दाखवतो, त्याने घाबरू नये. आकडा शून्याजवळच घुटमळला तर अडॅप्टर मेला असे समजून तो लगेच फेकू नये. तो एसीचा असेल तर डीसीच्या पट्ट्यावर असेच दिसते. एसीचा पट्टा त्यानंतर पाहावा, कारण काही स्वस्त मीटर त्या पट्ट्यावर साध्या डीसीलाही भलतेच आकडे दाखवतात.

अँपियरबद्दल विनाकारण भीती आहे. ८५० मिलिअँपियर ही अडॅप्टरची किमान कुवत समजावी. दीड अँपियरचा घेतला तरी यंत्र आपल्याला हवी तेवढीच वीज ओढते. व्होल्ट मात्र वाढवू नयेत, कारण ७८०५ जादा व्होल्टची उष्णता करतो: अर्धा अँपियर धरला तर ९ व्होल्टवर २ वॉट, १२ व्होल्टवर साडेतीन. घरात पडून असलेला राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर म्हणूनच वाईट, आणि त्याचा मध्यभाग धन असल्यामुळे फॅमिकॉमसाठी तर दुहेरी वाईट.

अमेरिकेहून किंवा जपानहून कुणी कन्सोलबरोबर मूळ अडॅप्टरही आणला असेल, तर तो आपल्याकडच्या २३० व्होल्टवर थेट लावू नये. तो अनुक्रमे १२० आणि १०० व्होल्टसाठी आहे. त्यासाठी वजनदार स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर बाळगण्यापेक्षा इथलाच अडॅप्टर घेणे मला केव्हाही बरे वाटते. मात्र सरकपट्टीने ३ ते १२ व्होल्ट निवडायचा आणि पिन उलटसुलट खोचायचा ‘युनिव्हर्सल’ एलिमिनेटर घेऊ नये. साफसफाईत ती पट्टी एक घर सरकते, पिन उलटी बसते, आणि हे कळते ते वास आल्यावर.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, थेट मागणी करावी: ९ व्होल्ट डीसी, एक ते दीड अँपियर, मध्यभाग ऋण, ५.५ बाय २.१, आणि अंगावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक. मध्यभाग ऋण असलेला मिळाला नाही तर वाद्यांच्या दुकानात गिटारच्या इफेक्ट पेडलचा अडॅप्टर पाहावा. तो बहुधा याच घडणीचा असतो, फक्त अर्ध्या अँपियरचा गळ्यात मारू देऊ नये. असा एकच अडॅप्टर फॅमिकॉम आणि एनईएस दोन्हींना चालतो. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्ह कन्सोललाही मध्यभाग ऋणच लागतो, पण दुसऱ्या मॉडेलची पिन लहान आणि मध्यभाग धन आहे, तेव्हा पिन बदलून तिथे तो चालवण्याचा उद्योग करू नये. आपल्याकडच्या आठ-बिटी नकली कन्सोलची आतली मांडणी एकसारखी नसते. त्यांच्या बाबतीत तळाशी छापलेले चिन्ह पाहावे, आणि तेही नसेल तर पेटी उघडून ब्रिज आहे की नाही हे तपासल्याशिवाय काहीही जोडू नये.