मक्काबियाच्या ट्रायथलॉन संघात जायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

जगभरातले ज्यू खेळाडू इस्रायलमध्ये एकत्र येऊन खेळतात ती स्पर्धा म्हणजे मक्काबिया. पहिली १९३२ साली तेल अवीवला भरली. १९५७ पासून ती दर चार वर्षांनी होत आली आहे. २०२१ ची स्पर्धा कोविडमुळे २०२२ मध्ये झाली. जुलै २०२५ मध्ये ठरलेली बाविसावी मक्काबिया ऐन तोंडावर आलेल्या इस्रायल-इराण युद्धामुळे २०२६ वर ढकलावी लागली. तेव्हा जुन्या पत्रकातल्या तारखांवर विसंबू नका. अर्जाची मुदत, वयाची तारीख आणि प्रवासाचा दिवस आपल्या देशाच्या मक्काबी या ज्यू क्रीडा संघटनेकडून ताजा करून घ्या.

हे लिहिताना माझ्या डोळ्यासमोर ठाणे, मुंबई, पुणे, अलिबागकडच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू घरांतली पोहणारी-धावणारी मुलं-मुली आहेत, आणि अमेरिका, ऑस्ट्रेलियात वाढलेली त्यांची भावंडंही. भारताच्या तुकड्या मक्काबियात उतरल्या आहेत, क्रिकेट खेळल्या आहेत. पण आता इथे समाज काही हजारांचा उरला आहे आणि क्रिकेटला अकरा जण जमवावे लागतात. ट्रायथलॉनला एक जण पुरतो. पोहणं, सायकल आणि धावणं एकट्यानं पूर्ण करायचं, आणि निवडही एकट्याच्या फाइलवर होते. म्हणूनच ती फाइल नीट कशी उभी करायची, हे सविस्तर सांगतो.

अर्ज कुणाकडे जातो

थेट इस्रायलला नाही. मक्काबी जागतिक संघटनेचं मुख्यालय रामात गानच्या कफार मक्काबियात आहे, पण खेळाडू निवडणं हे प्रत्येक देशाच्या मक्काबी संघटनेचं काम. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. प्रत्येक खेळासाठी प्रमुख आणि प्रशिक्षक नेमलेले असतात, ते अर्ज पाहून संघ ठरवतात. ही प्रक्रिया स्पर्धेच्या वर्षभर किंवा त्याहून आधी सुरू होते. भारतात राहणाऱ्यांनी आपल्या सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनास्थळाच्या, विश्वस्तांकडे चौकशी करून सुरुवात करावी. कोणत्या वर्षी तुकडी जाणार आणि पथकप्रमुख कोण, हे तिथे सर्वात आधी कळतं.

कोणत्या देशाकडून उतरायचं ते सर्वसाधारणपणे पासपोर्टवरून ठरतं. इस्रायलच्या संघाचा नियम वेगळा आहे. तिथला कोणताही नागरिक, अरब असो वा ज्यू, इस्रायलकडून खेळू शकतो. त्यामुळे अश्दोद, दिमोना, बेअर शेवाला स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या मुलांनी इस्रायलच्या निवडीकडे बघावं, भारताच्या नव्हे.

गट साधारण असे: पंधरा ते अठरा वर्षांचा कुमार गट, खुला गट, आणि पस्तिशीपुढचा मास्टर्स. ट्रायथलॉनमध्ये वय मोजताना स्पर्धेच्या वर्षाची ३१ डिसेंबर ही तारीख धरायची जागतिक रीत आहे, पण मक्काबियाच्या पत्रकात वेगळी तारीख दिली असेल तर तीच खरी. स्पर्धा वर्षभर पुढे गेल्यावर कुमार गटाच्या काठावरची मुलं खुल्या गटात जाऊ शकतात. तुम्ही काठावर असाल तर अर्ज भरण्याआधी पथकप्रमुखाकडून लेखी उत्तर घ्या.

ज्यू असल्याचा पुरावा

सर्वाधिक वेळ खाणारा कागद हाच, म्हणून सुरुवात इथूनच करा.

बऱ्याच देशांच्या संघटना आई किंवा वडील यांपैकी एक जण ज्यू असला तरी अर्ज स्वीकारतात. रीतसर धर्मांतर केलेल्यांनाही प्रवेश असतो. धर्मपीठाची, म्हणजे इस्रायलमधल्या ज्यू धर्मगुरूंच्या संस्थेची, विवाहासाठीची व्याख्या याहून कडक आहे आणि इथे तिचा संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या समाजाला या विषयाची जुनी जखम आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासण्याचा दंडक घातला. त्याविरुद्ध आपली माणसं रस्त्यावर उतरली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्वार्थानं ज्यू आहेत असं जाहीर केलं. त्यामुळे अर्जातला हा रकाना भरताना बिचकायचं काही कारण नाही. विचारलेला कागद जोडायचा आणि पुढे जायचं.

कागद कोणते? सर्वात उपयोगी सिनेगॉगचं पत्र. ते पत्रशीर्षावर, इंग्रजीत आणि अलीकडच्या तारखेचं असावं. तुमचं नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच, आईवडिलांची नावं, कुटुंब किती काळापासून सभासद आहे, सही करणाऱ्याचं पद, शिक्का आणि संपर्क क्रमांक, एवढं त्यात हवं. 'हे आमच्या ओळखीचे असून सज्जन आहेत' असं मोघम पत्र परत येतं. त्याला जोड म्हणून आईवडिलांचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, काढून ठेवा. आणखी एक कागद आपल्याकडे घरोघर पडलेला असतो, पण कुणाला आठवत नाही: शाळा सोडल्याचा दाखला. महाराष्ट्रातल्या दाखल्यात धर्म आणि जातीचा रकाना असतो, त्यात 'ज्यू', 'यहुदी' किंवा 'बेने इस्रायल' अशी नोंद सापडते. वडिलांचा किंवा आजोबांचा दाखला असेल तर फारच चांगलं. मराठीतल्या दाखल्याचं भाषांतर नोटरीकडून साक्षांकित करून जोडा.

खरी अडचण नावांची आहे. दाखल्यावर 'शालोम', पासपोर्टवर 'सॉलोमन', केतुबात हिब्रू नाव वेगळं, आडनावात कुठे पेणकर तर कुठे आजोबांचंच नाव आडनावाच्या जागी. नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर ते जोडा, नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. हे काम एका दिवसात होत नाही. मुदतीच्या आठवड्यात त्याला हात घातला तर बाकीचा अर्जही अडकून पडतो.

वेळेचा पुरावा

प्रशिक्षक तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यासमोर असतात फक्त तुमच्या शर्यतींच्या वेळा. ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये १.५ किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं असतं. स्प्रिंट अंतर याच्या निम्मं. गेल्या दीड-दोन वर्षांतले या अंतरांचे अधिकृत निकाल जोडा, आणि नुसती एकूण वेळ देऊ नका. पोहणं, पहिलं संक्रमण (पाण्यातून सायकलीवर जाणं), सायकल, दुसरं संक्रमण (सायकलीवरून धावण्याकडे) आणि धावणं यांच्या वेळा वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. घड्याळाच्या अ‍ॅपमधलं चित्र हा पुरावा धरला जात नाही. आयोजकांच्या निकालपत्राचा दुवा किंवा प्रत हवी.

आपल्याकडच्या अनेकांची सर्वात मोठी शर्यत म्हणजे गोव्याची आयर्नमॅन ७०.३. तिच्यात १.९ किलोमीटर पोहून, ९० किलोमीटर सायकल चालवून, २१.१ किलोमीटर धावायचं असतं. ती पूर्ण करणं मोठीच गोष्ट आहे, आणि समुद्रात पोहता येतं याचा तो भक्कम पुरावाही आहे. पण तिथली वेळ ऑलिंपिक अंतराशी ताडून बघता येत नाही. ७०.३ मध्ये वारा कमी लागावा म्हणून पुढच्या सायकलच्या आडोशाला चालवायला बंदी असते, तर खुल्या गटाच्या छोट्या शर्यती बऱ्याचदा आडोसा चालणाऱ्या असतात. म्हणून निवडीच्या वर्षात एक तरी ऑलिंपिक अंतराची शर्यत करा. तीही जमत नसेल तर तलावातल्या १५०० मीटरची आणि रस्त्यावरच्या १० किलोमीटरची अधिकृत वेळ स्वतंत्र जोडा, आणि प्रत्येक शर्यतीपुढे रस्ता सपाट होता की चढाचा, ऊन किती होतं, हे एका ओळीत लिहा. प्रशिक्षकाला त्यातून बरंच कळतं.

शिवाय आपल्या देशाच्या ट्रायथलॉन महासंघाची नोंदणी चालू असावी. तिचा क्रमांक बहुतेक ठिकाणी मागतात.

वेटसूटच्या, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाच्या, भरवशावर राहू नका. जागतिक नियमानुसार अव्वल (एलिट) स्पर्धकांना पाणी २० अंशांवर असेल तर या अंतराला वेटसूट घालता येत नाही, वयोगटांसाठी ही मर्यादा २२ अंश आहे. जुलैमध्ये भूमध्य समुद्र याच्या बराच वर असतो. साध्या पोशाखात पोहलेली वेळच तुमची खरी वेळ.

डॉक्टर आणि औषधं

डॉक्टरांनी भरायचा वैद्यकीय अर्ज संघटनाच देते. तो आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून भरून घ्या. मास्टर्स गटातल्यांनी कुणी मागो वा न मागो, ईसीजी आणि हृदयतपासणी करून घ्यावी. भर उन्हाळ्यातली शर्यत आहे ही.

उत्तेजक द्रव्यांचे जागतिक नियम इथेही पाळावे लागतात. दम्याचा पंप वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं: साल्ब्युटामॉल श्वासावाटे २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर चालतं. त्याहून जास्त लागत असेल, किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या, इन्सुलिन असं काही चालू असेल, तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज आधीच करून मंजुरी हातात घ्यावी लागते. सर्दीच्या गोळ्या, ताकदीची चूर्णं आणि जिममधल्या पावडरी यांच्याबाबत माझं स्पष्ट मत आहे की स्पर्धेआधी त्या बंदच ठेवाव्यात. घटकांची यादी अपुरी असलेल्या डब्यामुळे चाचणीत अडकल्यास जबाबदारी खेळाडूवरच येते.

पासपोर्ट, व्हिसा आणि एक सापळा

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध हवा. भारतीय पासपोर्टवर इस्रायलचा व्हिसा लागतो. २०२५ पासून पर्यटकांसाठी तो ऑनलाइनही काढता येतो, पण तुकडीबरोबर जाताना पथकप्रमुख सांगेल त्या प्रकारचाच अर्ज करा आणि निमंत्रणपत्र जोडा. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही, मात्र जानेवारी २०२५ पासून प्रवासाआधी ऑनलाइन प्रवेश-परवाना घेणं बंधनकारक आहे. त्याचं शुल्क २५ शेकेल आहे.

आता तो सापळा. आई किंवा वडील इस्रायली नागरिक असतील, तर मूल परदेशात जन्मलेलं असलं तरी कायद्यानं इस्रायली ठरू शकतं. इस्रायली नागरिकाला त्या देशात शिरताना आणि बाहेर पडताना इस्रायली पासपोर्टच वापरावा लागतो, आणि अठराच्या आसपासच्या मुलामुलींच्या बाबतीत लष्करी सेवेचा प्रश्नही निघतो. अशा घरांनी मुंबईतल्या इस्रायली वाणिज्य दूतावासात किंवा आपल्या शहरातल्या दूतावासात काही महिने आधी चौकशी करून उत्तर लेखी घ्यावं. विमानतळावर हे निस्तरायची वेळ येऊ देऊ नका.

पैसे आणि रजा

निवड झाली म्हणजे खर्च सुटला असं होत नाही. बहुतेक देशांत खेळाडू ठरावीक रक्कम स्वतः भरतो किंवा समाजातून उभी करतो. पैसे भरण्याआधी परताव्याचं कलम वाचा. २०२५ नंतर हे कलम वाचल्याशिवाय कुणीच सही करू नये. स्पर्धा पुढे गेली तर पैसे परत मिळतात की पुढच्या तारखेला वळते होतात, आणि विमा युद्धामुळे रद्द झालेला प्रवास भरून देतो का, हे दोन्ही विचारा. काही तुकड्या स्पर्धेआधी सरावाचे आणि देश बघण्याचे दिवस ठेवतात. कॉलेजला किंवा ऑफिसला द्यायच्या पत्रात तेही धरा. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असल्यामुळे स्पर्धा होत नाहीत, त्यामुळे वेळापत्रक वाटतं त्यापेक्षा लांबतं.

सायकलीची खरेदी-पावती आणि सांगाड्यावरचा क्रमांक यांचा फोटो फोनमध्ये आणि कागदावरही ठेवा, परत येताना कस्टमला ती इथूनच नेलेली होती हे दाखवता येतं. इलेक्ट्रॉनिक गिअरच्या सुट्या बॅटऱ्या सामानात टाकायच्या नसतात, हातातल्या बॅगेत न्यायच्या. हवा भरायच्या गॅसच्या नळकांड्या न्यायच्या असतील तर विमान कंपनीची परवानगी तिकीट काढतानाच विचारा, नाहीतर पंप घ्या. इस्रायलच्या बेन गुरियन विमानतळावर परतीच्या वेळी सामानाची कसून तपासणी होते आणि सायकलीचा खोका उघडायला लावू शकतात, म्हणून तिथे तीन तास आधी पोचा आणि खोका पुन्हा बांधायची चिकटपट्टी बाहेरच्या खिशात ठेवा.