निवड आपली, चकवा गोष्टीचा

दोघंजण फळीला बांधलेले आहेत. गोल करवत फिरत फिरत त्यांच्याकडे सरकते आहे आणि तिची दिशा ठरवणारा दांडा तुमच्या हातात आहे. जॉशला वाचवायचं की ॲशलीला? विचार करायला मोजके सेकंद. भुसावळच्या मे महिन्यात, कूलरपुढे एकच कंट्रोलर घेऊन बसलेल्या चार-पाच पोरांच्या घोळक्यात या क्षणी जो गलका उठतो, तो मी ऐकला आहे. "भो, पोरीला वाचव!" "अरे पण जॉश दोस्त आहे ना त्याचा!" कुणीतरी एकदाचा दांडा ओढतो, आणि मग बराच वेळ कुणी कुणाकडे बघत नाही.

हा प्रसंग 'अनटिल डॉन' या हॉरर गेममधला. इंग्लंडातल्या गिल्डफर्डच्या सुपरमॅसिव्ह गेम्सने हा गेम २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी आणला. बर्फाळ डोंगरावरच्या एका बंगल्यात आठ तरुण मित्र जमतात. वर्षापूर्वी याच जागेवरून दोन जुळ्या बहिणी नाहीशा झालेल्या असतात. पहाट होईपर्यंत यातलं कोण टिकेल, ते बरंचसं खेळणाऱ्याच्या निर्णयांवर अवलंबून राहतं. ज्यांना हा गेम अजून खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं, कारण त्याचं गुपित फोडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

गुपित असं: दांडा कुठल्याही बाजूला ओढा, करवत जॉशवरच जाते. तीही खोटीच. जॉश मरत नाही. मुखवटा घालून रात्रभर सगळ्यांचा छळ मांडणारा माणूस तोच असतो. या मित्रांनी त्याच्या बहिणीची क्रूर थट्टा केली आणि त्या रात्री दोघी बहिणी गेल्या, त्याचा तो सूड उगवत असतो.

मग आपण जीव मुठीत धरून केलेल्या निवडीचं काय झालं? खेळून उठलेल्या अनेकांची हीच तक्रार असते: फसवलं, निवड नुसती दाखवायला होती. मला ती तक्रार पटत नाही. या करवतीच्या प्रसंगात माणसाच्या मनाबद्दल बरंच काही दडलेलं आहे.

आधी हिशेब बघू. प्रत्येक वळणावर दोनच पर्याय ठेवले आणि प्रत्येक फाट्याची गोष्ट वेगळी लिहायची म्हटली, तर १० वळणांनंतर १,०२४ गोष्टी होतात. २० वळणांनंतर १०,४८,५७६. प्रत्येक फाट्यासाठी नटांचा अभिनय, आवाज, प्रकाश, हालचाली सगळं नव्याने करावं लागतं, आणि इतकं काम जगातली कुठलीच कंपनी करू शकत नाही. म्हणून लेखक फाटे फोडतात आणि थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणतात. ही युक्ती कॉम्प्युटर गेमच्या आधीची आहे. १९६७ साली मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात रादुझ चिन्चेरा यांचा 'किनोऑटोमॅट' दाखवला गेला. चित्रपट मध्येच थांबायचा, निवेदक रंगमंचावर येऊन विचारायचा की आता नायकाने काय करावं, आणि प्रेक्षक खुर्चीवरचं बटण दाबून मत द्यायचे. बहुमताने कौल काहीही दिला, तरी दोन्ही वाटा पुढच्या त्याच प्रश्नापाशी येऊन मिळायच्या.

आपल्याकडे या अनुभवाची ओळख फार जुनी आहे. उन्हाळ्यात धाब्यावर अंथरुणं टाकून झोपणाऱ्या खान्देशातल्या प्रत्येक पोराने चकव्याची गोष्ट ऐकलेली असते. रात्री शेतातून परतणाऱ्या माणसाला चकवा लागतो, तो चालत राहतो, दर वेळी वेगळी वाट धरतो आणि फिरून त्याच बाभळीखाली येतो. या गोष्टीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. २००९ मध्ये यान सोमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात माणसांना सरळ चालत राहायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढग आले, चंद्र मावळला, की ते वळू लागले. जंगलात ढगाळ दिवशी चालणारे तर गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडून गेले, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. डोळे बांधल्यावर काहींची वर्तुळं २० मीटरपेक्षाही लहान व्यासाची झाली. 'सरळ' म्हणजे कुठे, याचा मेंदूतला अंदाज पावलापावलाने थोडा थोडा चुकतो, आणि बाहेरची खूण नसेल तर त्या चुका साचत जातात.

गेम पहिल्यांदा खेळणाऱ्याची अवस्था अशीच असते. दुसरा फाटा कुठे गेला असता, हे दाखवणारी एकही खूण त्याच्याजवळ नसते. तोच गेम दुसऱ्यांदा खेळला, उलटा दांडा ओढला, की सूर्य दिसतो.

पण खूण दिसत नाही म्हणून माणूस शंका का घेत नाही? कारण निवड केल्याची भावना स्वतःच फार बळकट असते. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये एक डॉलरच्या लॉटरीची तिकिटं विकली. काहींना तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींच्या हातात नुसतं ठेवलं. नंतर तिकीट परत विकत मागितलं, तेव्हा स्वतः निवडणाऱ्यांनी सरासरी साडेआठ डॉलरच्या वर किंमत सांगितली, बाकीच्यांनी दोन डॉलरच्या आसपास. जिंकण्याची शक्यता दोघांचीही सारखीच होती. स्वीडनमध्ये पेटर योहान्सन आणि लार्स हॉल यांनी २००५ मध्ये याच्याही पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन चेहऱ्यांच्या फोटोंमधून आवडलेला एक निवडायला सांगायचा, आणि हातचलाखीने न निवडलेला फोटो हातात द्यायचा. बहुतेक वेळा अदलाबदल कुणाच्या लक्षात आली नाही. वर "हाच का निवडला?" असं विचारल्यावर लोकांनी न निवडलेल्या चेहऱ्याची कारणंही सांगितली.

करवत जॉशवर जाते तेव्हा ॲशलीला वाचवणारा म्हणतो, माझ्यामुळे ती वाचली. जॉशला वाचवू पाहणारा म्हणतो, यंत्राने दगा दिला. दोघांनाही निवडीचा पुरावा मिळाल्यासारखं वाटतं.

आता या गेममधला मला सगळ्यात चांगला वाटणारा भाग. करवतीनंतर आणखी एक तसाच सापळा येतो. ज्याच्या वतीने आपण दांडा ओढला तो ख्रिस आणि ॲशली समोरासमोर बांधलेले, ख्रिसच्या हाती पिस्तूल. स्वतःवर झाडायचं की तिच्यावर? पिस्तुलात खरी गोळी नसतेच. शरीरांचं काहीच होत नाही, दोघंही सुटतात. मात्र ख्रिसने ॲशलीवर नेम धरून चाप ओढला असेल, तर काही तासांनी तो जीव घेऊन बंगल्याच्या दाराकडे पळत येतो तेव्हा आत ॲशली उभी असते. ती दार उघडत नाही, आणि ख्रिस मरतो.

मला हे लेखन थक्क करतं. गोळी खोटी होती, पण तिने बघितलेला नेम खरा होता. तांत्रिक भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅमने एका चलाची, म्हणजे नोंदीच्या एका कप्प्यातली, किंमत जपून ठेवली, बस्स. २० फाट्यांच्या दहा लाख गोष्टी लिहाव्या लागल्या नाहीत. गोष्ट तीच राहिली, फक्त एका पात्राने काय लक्षात ठेवलं ते बदललं. आपण माणसंही एकमेकांना असंच जोखतो. घडून गेलेल्या गोष्टीपेक्षा त्या वेळी समोरच्याने काय करायचं ठरवलं होतं, ते आपण जास्त काळ लक्षात ठेवतो.

पश्चात्तापाचंही एक गणित इथे काम करतं. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी लोकांपुढे दोन गुंतवणूकदार ठेवले. एकाने शेअर बदलले आणि त्याचं नुकसान झालं, दुसऱ्याने बदलायचं मनात आणून बदलले नाहीत आणि त्याचंही तेवढंच नुकसान झालं. जास्त हळहळ कुणाला? बहुतेकांनी बदलणाऱ्याचं नाव घेतलं. काही करून झालेली चूक काही न केल्याने झालेल्या चुकीपेक्षा जास्त डाचते. हॉरर गेम आपल्याला गप्प बसायची सोय ठेवत नाही. घड्याळ संपलं की काही न करणं हीसुद्धा निवड धरली जाते. चित्रपटातलं पात्र तळघरात उतरलं तर आपण त्याला मूर्ख म्हणतो, इथे मात्र त्याला आपणच उतरवलेलं असतं.

शरीराची भीती यापेक्षा बरीच साधी असते. अचानक मोठा आवाज झाला की ३० ते ५० मिलिसेकंदांत पापण्या मिटतात. ही प्रतिक्रिया मेंदूच्या देठातून येते, 'मी घाबरलो' हे कळायच्या कितीतरी आधी. आधीच मनात धास्ती असेल तर मेंदूतला अमिग्डाला हा भाग त्या दचकण्याला आणखी जोर देतो, म्हणून आवाजाआधी लांब, रिकामा बोळ दाखवलेला असतो. 'अनटिल डॉन'ने मात्र यातूनही एक निवड काढली. काही प्रसंगी पडद्यावर सूचना येते: हलू नका. कंट्रोलरमधला हालचाल मोजणारा सेन्सर खेळणाऱ्याचा हात वाचू लागतो. प्रत्येक माणसाच्या हाताला मुळातच बारीक थरथर असते, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा. ॲड्रिनलिनने ती वाढते. म्हणजे जो घाबरला तो पकडला जातो, आणि पकडले जाऊ या भीतीने तो आणखी घाबरतो. ही मंडळी गेम बनवताना चाचणी खेळणाऱ्यांच्या त्वचेतल्या घामामुळे बदलणारी विद्युतवाहकता मोजत होती, ते इथे जाणवतं.

हातात नियंत्रण असलं की भीती कमी व्हायला हवी, हेही खरं. जे वाइस यांनी १९७० च्या सुमारास उंदरांच्या जोड्यांना सारखेच विजेचे झटके दिले. एकाला झटका टाळायचं साधन होतं, दुसऱ्याला नव्हतं. साधन असलेल्याच्या पोटात अल्सर कमी झाले. गेम हेच साधन आधी देतो आणि मग थोडं थोडं काढून घेतो: कॅमेरा भलत्या कोपऱ्यात अडकवतो, वेळ कापतो, हात स्थिर धरून ठेवायला लावतो. किती काढायचं याचं माप महत्त्वाचं. डेन्मार्कच्या आऱ्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी वाइलं शहराजवळच्या एका भुताच्या घरात ११० जणांच्या छातीचे ठोके मोजले आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडला. भीती फार थोडी असली तर मजा नाही, फार झाली तरी नाही. मजा मधल्या पट्ट्यात.

आता कलाटणीकडे. चांगली कलाटणी पुरावे लपवत नाही, समोर ठेवते. या गेममध्ये प्रकरणांच्या मध्ये एक मानसोपचारतज्ज्ञ थेट आपल्याशी बोलतो, आपल्याला कशाची भीती वाटते ते विचारतो. आपण समजतो, हा खेळणाऱ्याशी बोलतोय. पुढे कळतं, तो जॉशच्या बिघडलेल्या मनातला भास होता आणि आपण त्याच्या खुर्चीत बसलो होतो. इतक्या वेळा बघून आपल्याला ते का कळलं नाही? पहिला संशय एकदा बसला की मन त्याला जुळणाऱ्या खुणा वेचत राहतं. आणि कळल्यानंतर लगेच वाटतं, हे तर मला आधीच जाणवलं होतं. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाचं वर्णन लोकांना वाचायला दिलं. ज्यांना निकाल सांगितला होता, त्यांना तोच निकाल होणार हे उघड वाटलं, मग सांगितलेला निकाल कुठलाही असो. खेळून उठलेली पोरं "मला तर पहिल्यापासून जॉशवरच डाऊट होता" म्हणतात, ती खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं आठवत असतं.

पहिल्या संशयाची ही ताकद गेममध्ये करमणूक आहे. सातपुड्यात, नंदुरबारच्या पाड्यांवर, ती बाईच्या जिवावर उठलेली आहे. मूल दगावलं, जनावर मेलं, की एखादीकडे बोट दाखवून तिला डाकीण ठरवायचं, आणि मग तिचं दारावरून जाणं, कुणाकडे बघणं, सगळंच पुरावा होतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते त्या पाड्यांवर वर्षानुवर्षं फिरत आहेत. तिथे कलाटणी येऊन खरा गुन्हेगार कळत नाही, आणि गेम पुन्हा सुरू करता येत नाही. म्हणून खान्देशातल्या कुणी भीतीची गोष्ट लिहिली तर तिच्यातलं भूत एखाद्या गरीब म्हातारीच्या अंगावर टाकू नये, एवढं मी आग्रहाने सांगेन.

आणि अशी गोष्ट कुणीतरी लिहावी, हेही तितक्याच आग्रहाने. कोट्यवधी रुपये लागत नाहीत. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये केलेलं ट्वाइन हे अशा फाट्यांच्या गोष्टी लिहायचं साधन फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि त्यात देवनागरी लिहिता येते, म्हणजे अहिराणीही. लळिंगचा किल्ला, पालचं जंगल, तोरणमाळचा घाट यातली एक जागा घ्यावी. सात-आठ फाटे फोडावेत, ते तीन ठिकाणी जुळवावेत, आणि दोनच गोष्टी प्रोग्रॅमने लक्षात ठेवाव्यात: खेळणारा कुणाशी खोटं बोलला, आणि कुणाला मागे सोडून पळाला. कॉम्प्युटरला हात लावण्याआधी सगळे फाटे कागदावर काढून दोन मित्रांना वाचून दाखवावेत. ते ज्या वळणावर उत्तर द्यायच्या आधी अडखळतील, ते ठेवावं. जिथे पटकन उत्तर देतील, ते कापावं.