तांब्याच्या तारेवरचं नेट आणि रविवारचा मिक्सर

पाऊस लागला की कोल्हापुरात शिवाजी पेठेत, उत्तरेश्वरात, राजारामपुरीच्या जुन्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते : "नेट येतंय, पण टिकत नाही." सगळीकडे फायबरचा बोलबाला असला तरी काही घरांत ब्रॉडबँड अजून फोनच्या तांब्याच्या तारेवरच चालतं. तार तुटली तर सोपं असतं, लाइनमन येतो आणि जोडून जातो. पण घडीघडीला जाणारं आणि आपलं आपणच परत येणारं नेट भल्याभल्यांचा अंत बघतं. अशा वेळी स्पीड टेस्ट करत बसू नये. नेट नेमकं कधी जातं, ते बघावं.

फोनवरच्या बोलण्याला जेमतेम ४ किलोहर्ट्झपर्यंतची जागा पुरते. त्याच तारेवर इंटरनेट साधारण २५ किलोहर्ट्झपासून वर चालतं. एडीएसएल टू प्लस या प्रकारात ते २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. हा सगळा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या ५१२ कप्प्यांत विभागलेला असतो. मोडेम चालू झाला की एक्स्चेंजमधल्या यंत्राशी मिळून तो एकेक कप्पा तपासतो. जिथे गोंगाट, म्हणजे तारेत शिरणारी नको ती विजेची खरखर, कमी, तिथे एका वेळी १५ बिटपर्यंत माहिती भरायची. जिथे जास्त, तिथे एखाददुसरा बिट. अगदीच वाईट असेल तर कप्पा रिकामा सोडायचा. सांगली आकाशवाणीचा १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना पाठ असेल. तो बरोबर २९०व्या कप्प्यात पडतो. मध्यम लहरींचं रेडिओप्रसारण आणि तारेवरचं इंटरनेट एकाच पट्ट्यात राहतात, आणि खांबावरून लोंबत आलेली तार ही आयती अँटेनाच.

खरी गोम पुढे आहे. ही वाटणी मुख्यतः सुरुवातीलाच ठरते, नंतर किरकोळ फेरफार होतात. वाटणी करताना मोडेम थोडी शिल्लक हाताशी ठेवतो, सहसा ६ डेसिबलची. म्हणजे गोंगाटाची शक्ती चौपट झाली तरी निभावतं. त्यापुढे चुका वाढतात, जोडणी तुटते आणि सगळी तपासणी पहिल्यापासून. आता दुपारी शांत वेळी मोडेम चालू केला तर तो हौसेनं भरपूर वेग ठरवून बसतो. रात्री आयनांबर या उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, रेडिओलहरी शोषणारा खालचा थर विरतो, दूरदूरची मध्यम लहरींची स्टेशनं लागू लागतात, घरोघरचे चार्जर आणि एलईडी दिवे सुरू होतात. शिल्लक संपते, नेट जातं. म्हणून बंद-चालू करायचंच असेल तर ते गोंगाटाच्या वेळी, रात्री करावं. वेग थोडा कमी मिळेल, पण टिकेल.

पावसाचं दुखणं वेगळं. खांबावरच्या डीपी बॉक्समध्ये, म्हणजे घरोघरच्या तारा जिथून फुटतात त्या पेटीत, किंवा वाड्याच्या चौकटीपाशी दोन तारा नुसत्या पिळून जोडलेल्या असतात. टेप सुटलेली, तांब्यावर हिरवट पुटं. ओल शिरली की त्या सांध्याचा रोध सारखा बदलत राहतो. यात एक गंमत होते. फोन उचलला की तारेतून काही मिलिअँपिअर वीज वाहू लागते, ती सांध्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा भेदते आणि तेवढा वेळ नेट सुधारतं. फोनवर बोलताना नेट छान चालतं, ठेवला की जातं, असं कुणी सांगितलं तर हसू नका. सांधा खराब असल्याची ती पक्की खूण आहे. उलट घंटी वाजताच नेट जात असेल तर आधी स्प्लिटर, म्हणजे फोन आणि इंटरनेट वेगळं करणारी डबी, बघा. तो ठीक असेल तर पुन्हा सांध्यावरच संशय.

आणि रविवारी सकाळीच जात असेल तर? मटणाच्या वाटणाला लागलेला मिक्सर बघा. मोटर फिरताना तिच्यातले कार्बन ब्रश ठिणग्या पाडतात आणि प्रत्येक ठिणगी साऱ्या पट्ट्यात खरखर सोडते. हे ऐकायचं असेल तर जुना ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर, कुठलंही स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि घरभर फिरवा. गुन्हेगार उपकरणाजवळ तो किंचाळतो. वेल्समधल्या अबरहोसन गावात दीड वर्ष रोज सकाळी ७ वाजता गावाचं ब्रॉडबँड कोलमडायचं. केबल बदलूनही उपयोग झाला नाही. २०२० साली अभियंत्यांनी गोंगाट मोजण्याचं यंत्र घेऊन गाव पालथं घातलं, तेव्हा एका घरातला जुना टीव्ही सापडला. तो रोज त्याच वेळी लावला जायचा.

एवढं करण्याआधी मोडेमवरचा डीएसएलचा, म्हणजे तारेवरची जोडणी दाखवणारा, दिवा बघावा. नेट गेलं तरी तो स्थिर असेल तर तार बिचारी निर्दोष आहे. वायफाय किंवा पुढचं काहीतरी बिघडलंय. दिवा लुकलुकत असेल तर घरातली फोनची सगळी एक्स्टेन्शन काढून मोडेम थेट रोझेटला, म्हणजे बाहेरची तार येते त्या भिंतीवरच्या डबीला, लावायचा आणि एक दिवस तसाच ठेवायचा. टिकलं तर दोष घरातल्या वायरिंगचा. माझ्या मते निम्मी भांडणं इथेच मिटावीत, पण कपाटामागचं एक्स्टेन्शन काढायचा कंटाळा आडवा येतो.

तरीही जात असेल तर ब्राउझरमध्ये मोडेमचं पान उघडावं. बऱ्याच मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. तिथलं एसएनआर मार्जिन म्हणजे गोंगाटासाठी हाताशी ठेवलेली ती शिल्लक. नेट जायच्या आधी ती घसरते का, ते बघून वेळेसकट लिहून ठेवावं. ॲटेन्युएशन म्हणजे वाटेतली झीज. ती तारेच्या लांबीवर ठरते, म्हणून रोज जवळपास सारखीच हवी. एखाद्या दिवशी एकदम वाढली तर सांधा गेला म्हणायचा. मग फोन उचलून एक आकडा दाबावा आणि शांतपणे ऐकावं. खरखर ऐकू आली तर तक्रार "नेट स्लो आहे" अशी न देता "फोनवर खरखर आहे" अशी द्यावी. पहिलीला मोडेम बंद-चालू करायचा सल्ला मिळतो, दुसरीला लाइनमनला खांबावर चढावंच लागतं.