सोन्यापेक्षा महाग पोलाद

9 नोव्हेंबर 2019 रोजी जिनिव्हात ख्रिस्तीजच्या लिलावात पाटेक फिलिप कंपनीचं एक मनगटी घड्याळ 3 कोटी 10 लाख स्विस फ्रँकला विकलं गेलं. त्या वेळच्या दराने साधारण 220 कोटी रुपये. घड्याळाचं नाव ग्रँडमास्टर चाइम. याची सोन्यातली घड्याळं आधीपासून होती; हे मात्र स्टेनलेस स्टीलचं, आणि स्टीलमधलं जगात एकच. डायलवर तसं लिहूनच टाकलेलं : ‘द ओन्ली वन’. सोलापूरच्या सराफ बाजारात हा किस्सा सांगितला तर पहिला प्रश्न येईल, ‘घडणावळ किती धरली?’

प्रश्न अगदी रास्त आहे. सगळी किंमत घडणावळीची आणि एकमेवपणाचीच.

‘ओन्ली वॉच’ नावाचा हा लिलाव 2005 पासून साधारण दर दोन वर्षांनी होतो. नामांकित कंपन्या त्यासाठी प्रत्येकी एकच नग बनवून देतात आणि पैसा ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजारावरच्या संशोधनाला जातो. मोनॅकोच्या लुक पेत्ताविनो यांच्या मुलाला हा आजार होता, त्यातून त्यांनी हे सुरू केलं.

इतके पैसे मोजल्यावर वेळ तरी जास्त अचूक कळते का? नाही. स्वित्झर्लंडमध्ये ‘क्रोनोमीटर’ असं प्रमाणपत्र मिळवायचं तर यांत्रिक घड्याळ दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढ्या हद्दीत राहावं लागतं. फुटपाथवर मिळणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि महिन्याकाठी पंधराएक सेकंदांच्या चुकीत निभावून नेतो. चावीच्या घड्याळातलं बॅलन्स व्हील, म्हणजे मागे-पुढे झुलणारं चाक, सेकंदाला बहुधा तीन-चार हेलकावे घेतं. शर्यत तिथेच संपली.

तरीही त्या हेलकाव्यांमागचं विज्ञान बघण्यासारखं आहे. बॅलन्सला मागे-पुढे खेचते ती केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग. उन्हाने साधं पोलाद किंचित मऊ पडतं, स्प्रिंगची ओढ कमी होते आणि घड्याळ मागे पडायला लागतं. जुन्या पद्धतीच्या पोलादी स्प्रिंगला दर अंश सेल्सिअसमागे दिवसाला साधारण 10 सेकंदांचा फटका बसतो. आता सोलापूरचा हिशेब करा. गड्ड्याच्या जत्रेतली जानेवारीची रात्र 15 अंशांची, वैशाखातली दुपार 42 ची. फरक 27 अंशांचा. टेबलावर ठेवलेलं तसं घड्याळ त्या दोन तापमानांत दिवसाला साडेचार मिनिटांचा फरक दाखवेल. यावर इलाज शोधला शार्ल एदुआर गियोम यांनी. निकेल आणि पोलादाच्या मिश्रधातूंचा अभ्यास करून त्यांनी उष्णतेने जवळजवळ न वाढणारा इन्व्हार आणि लवचिकता न बदलणारा एलिन्व्हार तयार केला. 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. एका स्विस घड्याळजीच्या मुलाला हे पारितोषिक मिळावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग बोली लावणारा नेमकं काय विकत घेतो? माझ्या मते, धातूत कोरलेली स्मरणशक्ती. ग्रँडमास्टर चाइमच्या यंत्रात 1,366 भाग आहेत आणि त्यांच्याकडून 20 वेगवेगळी कामं होतात. त्यातलं एक ‘पर्पेच्युअल कॅलेंडर’. कुठला महिना 30 चा, कुठला 31 चा, कुठला फेब्रुवारी 29 चा, हे त्याला ठाऊक असतं. बॅटरी नाही, चिप नाही.

हे कसं होतं ते सोलापूरकराला चटकन कळेल, कारण पूर्व भागात मागावर नक्षी विणणारं जेकार्ड पाहिलेली माणसं घरोघरी आहेत. चादरीवरचा मोर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत लिहिलेला असतो. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. कॅलेंडरच्या पारंपरिक रचनेत पुठ्ठ्यांच्या जागी एक चकती असते. ती चार वर्षांत एक फेरी पुरी करते आणि तिच्या कडेवर 48 महिन्यांच्या 48 जागा असतात. 31 चा महिना म्हणजे कड जशीच्या तशी, 30 चा म्हणजे उथळ खाच, फेब्रुवारीची खाच सर्वांत खोल आणि लीप वर्षातल्या फेब्रुवारीची थोडी कमी खोल. एक तरफ या कडेवर टेकलेली असते. महिनाअखेरीच्या मध्यरात्री ती किती खोल उतरली आहे, त्यावर तारीख किती घरं पुढे ढकलायची ते ठरतं. चकतीला चारच वर्षांचं माहीत असल्यामुळे 2100 साली ती फसणार. ते वर्ष लीप नाही, आणि 1 मार्चला कुणाला तरी हाताने तारीख सरकवावी लागेल.

वेळ वाजवून सांगणाऱ्या मिनिट रिपीटरमध्ये हीच युक्ती आहे. तिथे पायऱ्या असलेल्या चकत्या असतात. कळ दाबली की तरफ ज्या पायरीवर पडते तितके ठोके बारीक हातोड्या तारेच्या घंटांवर मारतात : आधी तास, मग पाव तास, मग उरलेली मिनिटं. पाव तासाला सहसा दोन ठोक्यांची जोडी, म्हणून बारा वाजून 59 मिनिटांनी कळ दाबली तर बारा, सहा आणि चौदा मिळून 32 दणके. ग्रँडमास्टर चाइम मागणी केल्यावर तारीखसुद्धा वाजवून सांगतं. चैन आहे, दुसरं काय!

आता पैसा जातो त्या बाजूला बघू. ड्यूशेन हा मुख्यतः मुलग्यांना होणारा आनुवंशिक आजार. दोष एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असतो आणि मुलग्यांकडे एक्स एकच. तीन-चार वर्षांचं पोर जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उभं राहतं, पोटऱ्या फुगीर दिसतात. बाराव्या वर्षाच्या आसपास बहुतेकांना चाकाची खुर्ची लागते. स्नायूंच्या पेशींचं आवरण टिकवून धरणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन त्यांच्यात बनत नाही. त्याचं जनुक माणसातल्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक : सुमारे 22 लाख अक्षरं, 79 तुकडे (एक्झॉन).

जनुकाची अक्षरं पेशी तीन-तीनच्या गटाने वाचते. एखादा तुकडा गळाला आणि त्याची अक्षरसंख्या तिनाने भागली जात नसेल, तर पुढचा सगळा मजकूर बिघडतो. ‘एक्झॉन स्किपिंग’मध्ये औषध शेजारचा आणखी एखादा तुकडा मुद्दाम वगळायला लावतं, म्हणजे तिनाचा हिशेब पुन्हा जुळतो आणि आखूड, पण थोडंफार काम करणारं डिस्ट्रोफिन बनतं.

या लिलावाच्या कारभाराबद्दलही बोललं पाहिजे. 2023 मध्ये जमलेल्या पैशाच्या हिशेबावरून प्रश्न उठले, काही कंपन्यांनी अंग काढून घेतलं आणि नोव्हेंबरचा लिलाव मे 2024 वर गेला. मला ते योग्यच वाटलं. दानाच्या नावाने कोट्यवधी फ्रँक गोळा होत असतील तर वही उघडी असलीच पाहिजे. संशोधनाला मात्र हा ओघ लागतोच, कारण कुणाच्या जनुकातला कोणता तुकडा गळाला आहे, त्यावर औषध ठरतं. सर्वांत जास्त मुलांना उपयोगी पडणारं स्किपिंग 51 व्या तुकड्याचं आहे, आणि तेही लागू पडतं शंभरातल्या सुमारे 13 जणांना. बाकीच्यांसाठी 53, 45, 44 असे एकेका तुकड्याचे वेगळे रेणू बनवावे लागतात, आणि प्रत्येकाच्या चाचण्या पहिल्यापासून.