स्वस्त चिपमधून काय वगळलं जातं: खानदेशातल्या पीसी-सल्ल्यांची पार्श्वभूमी

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये, धुळ्याच्या आग्रा रोडला किंवा नंदुरबारात, कुठेही कमी पैशातल्या गेमिंग पीसीचं कोटेशन मागा. आकड्यांच्या आधी सल्ले मिळतात. इंटेलचा आय५ प्रोसेसरच घ्या, आय३ नको. ग्राफिक्स कार्ड निदान चार जीबीचं पाहिजे. वेगळी वायर लागणारं कार्ड घेऊ नका. आणि हमखास कानावर पडणारं वाक्य: ‘एएमडी भलता तपस, भो’, म्हणजे इंटेलच्या स्पर्धक एएमडी कंपनीचा प्रोसेसर फार तापतो. यातला एकही सल्ला हवेतून आलेला नाही. प्रत्येकाला एक साल आहे, फक्त बहुतेकांचं साल केव्हाच उलटून गेलंय.

आपल्याकडे घरात कॉम्प्युटर आला तो गेमसाठी नव्हे. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटी सुरू झाली आणि सरकारी नोकरीच्या अर्जाला ते सर्टिफिकेट लागू लागलं. चाळीसगाव, अमळनेर, चोपडा, शहादा, जिथे तिथे केंद्रं निघाली. पोराचा सराव व्हावा म्हणून कापसाच्या नाहीतर केळीच्या पैशातून असेंबल्ड मशीन घरी यायचं आणि त्यात बऱ्याचदा इंटेलचा स्वस्तातला सेलेरॉन प्रोसेसर असायचा.

सेलेरॉनची जन्मकथा बघण्यासारखी आहे. एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने पेन्टियम २ मधली एल२ कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी वेगवान मेमरी, काढून टाकली आणि उरलेली चिप स्वस्तात विकायला काढली. ती इतकी मंद निघाली की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १२८ केबी कॅश चिपवरच बसवून नवा सेलेरॉन आणावा लागला. त्यातला ३००ए तर थोडी सेटिंग बदलली की ४५० मेगाहर्ट्झवर पळायचा. स्वस्त चिप बनवायची ही रीत आजही तशीच आहे. मोठ्या चिपमधलं काहीतरी वगळायचं किंवा बंद करून टाकायचं. काय वगळलंय ते डब्यावर मोठ्या अक्षरात छापत नाहीत, एवढीच मेख.

ग्राफिक्स कार्डात हेच घडलं. २००२ चं जीफोर्स ४ एमएक्स ४४० नावाने चौथ्या पिढीचं, आतून मात्र जीफोर्स २ च्याच घराण्यातलं. पिक्सल शेडर, म्हणजे दृश्यातला रंग-प्रकाश काढणारे भाग, त्यात नव्हतेच. जुने गेम त्यावर छान चालायचे, पण पुढे शेडर मागणारे गेम आले तेव्हा ते उघडायलाच तयार होईनात. दोष मात्र बिचाऱ्या रॅमला दिला गेला.

आता ‘एएमडी तापतो’चं बघू. २००० च्या सुमाराला एएमडीचा ॲथलॉन वेगात पेन्टियमला भारी पडत होता, पण पंखा सुटला किंवा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारी धातूची पाती) नीट बसला नाही तर चिप जळायची. पेन्टियम ४ तापला की स्वतःच वेग कमी करायचा. गंमत अशी, की २००४ चा पेन्टियम ४ प्रेस्कॉट स्वतःच शेगडी होता, पण बदनामी तोवर दुसऱ्याच्या नावावर जमा झाली होती. मग २०१२ मध्ये १२५ वॉटचा एफएक्स-८३५० आला आणि त्या बदनामीवर शिक्काच बसला. २०१७ चा रायझन ५ १६०० मात्र सहा कोरांचा (कोर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) असून ६५ वॉटचा आहे. त्या साली हा सल्ला मोडीत निघायला हवा होता.

निघाला नाही, आणि त्याचं एक कारण आपलं हवामान आहे. पंखा आणि हीटसिंक चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. पंचवीस अंशांच्या खोलीत सत्तरवर थांबणारं कार्ड मे महिन्यात भुसावळला, खोलीतच चाळीस असताना, पंच्याऐंशीच्या आसपास जातं. तिथे ते वेग उतरवतं आणि गेम अडखळतो. ब्रँड कुठलाही असो. त्यात आपण कॅबिनेट ठेवतो कूलरच्या झोतात. त्या ओलसर हवेत धूळ हीटसिंकच्या पात्यांवर लिंपल्यासारखी बसते आणि पाऊस सुरू होईपर्यंत तिचा थर होतो. ब्रश मारून ती निघत नाही, पंखा उतरवावा लागतो. माझ्या मते इथे प्रोसेसरच्या ब्रँडवर वाद घालण्यापेक्षा पुढून जाळीचं कॅबिनेट घेणं जास्त शहाणपणाचं.

वायरवाला सल्ला भारनियमनाच्या काळातला आहे. २००५ नंतर काही वर्षं ग्रामीण भागात दहा-बारा तास वीज नसायची. प्रत्येक मशीनखाली ६०० व्हीएचा यूपीएस आला. त्याची खरी ताकद साधारण ३६० वॉट, आणि बॅटरी जुनी झाली की तेवढीही नाही. कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ४५० वॉट लिहिलेलं असायचं, पण त्या आकड्यावर कुणाचाच भरवसा नव्हता. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज देतो, त्यापुढे वेगळी वायर जोडावी लागते. म्हणून फेब्रुवारी २०१४ मध्ये ६० वॉटचं जीटीएक्स ७५० टीआय आलं तेव्हा ते जणू खानदेशासाठीच काढल्यासारखं वाटलं. पुढे १०५० टीआय, मग १६५०, आणि २०२४ चं ७० वॉटचं आरटीएक्स ३०५० सहा जीबी, ही सगळी त्याच वाटेवरची. चारही सल्ल्यांत हा एकच अजून बऱ्यापैकी टिकून आहे. चांगला एसएमपीएस घ्यायची तयारी असेल तर मात्र याचीही गरज नाही. आरएक्स ६६०० काही फार वीज खात नाही, १३२ वॉट, आणि ३०५० ला ते सहज मागे टाकतं.

सगळ्यात जास्त पैसे बुडवले ते ‘चार जीबी’ने. जीटी ७३० चं ४ जीबीचं कार्ड दुकानात हौसेने विकलं गेलं. त्याच्या ६४ बिटच्या डीडीआर३ मेमरीतून सेकंदाला सुमारे १४ जीबी माहिती जाते. २ जीबीच्या ७५० टीआयमधून ८६ जीबी. म्हणजे आकड्याने दुप्पट असलेलं कार्ड सहापट अरुंद रस्त्यावर उभं. वगळला गेला होता तो रस्ता, आणि डब्यावर मोठा छापला होता तो जीबीचा आकडा.

‘आय५च घ्या’ हा सल्ला मात्र त्याच्या काळात अगदी बरोबर होता. २०१० ते २०१७ च्या मध्यापर्यंत डेस्कटॉपच्या आय३ मध्ये दोनच कोर असायचे आणि २०११ पासूनच्या आय५ मध्ये बहुतेक चार. आपल्याकडे ‘मल्टिटास्किंग’ म्हणजे दिवसा त्याच मशीनवर टॅली, पीकविम्याचे आणि स्कॉलरशिपचे फॉर्म, क्रोममध्ये वीस टॅब, आणि रात्री दुकानाचं शटर ओढल्यावर जीटीए ५. २०१६ मध्ये जिओ आल्यावर त्यात गेम खेळता खेळता रेकॉर्डिंगची भर पडली. २०१८ पासून एम्युलेटरवर (पीसीवर मोबाइलचे ॲप चालवणारा प्रोग्राम) पबजी मोबाइल खेळायची लाट आली. एम्युलेटरचा भार बराचसा प्रोसेसर आणि रॅमवर पडतो, दोन कोरांत तो घुसमटतो. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये आय३-८१०० चार कोर घेऊन आला. जानेवारी २०२२ च्या आय३-१२१००एफ मध्ये तर चार कोर, आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या आय७-७७००के इतकेच, आणि वेगात तो त्यालाही मागे टाकतो. तरी आजही चौथ्या पिढीचा आय५ नव्या आय३ पेक्षा मोठा समजून घेणारे भेटतात. शेवटचा एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी, आणि कार्ड वॉरंटीत मुंबई-पुण्याला गेलं की ते परत येईपर्यंत फॉर्म भरायचं कामही बंद. ज्याचं पोट त्या मशीनवर आहे त्याने हे एक अक्षर नीट बघावं.

फेब्रुवारी २०१८ मध्ये रायझन ३ २२००जी आला. चार कोर आणि बरं ग्राफिक्स एकाच चिपमध्ये. पुढचे ३२००जी आणि ५६००जी त्याच ओळीतले. या चिपना स्वतःची ग्राफिक्स मेमरी नसते, त्या रॅममधूनच काम भागवतात. त्यामुळे ८ जीबीची एक स्टिक घालण्यापेक्षा ४-४ च्या दोन घातल्या तर रस्ता दुप्पट होतो आणि गेममध्ये फरक दिसतो. दुकानदार ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून एकच स्टिक घालतो. हेतू चांगला, पण गिऱ्हाईक घरी जाऊन म्हणतं, एएमडीत दम नाही.

मग आलं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांना गणितं करायला लावून क्रिप्टो-चलन मिळवायचा धंदा. २०१७-१८ मध्ये एकदा आणि २०२० नंतर पुन्हा, क्रिप्टोवाल्यांनी कार्डं उचलली आणि भाव असे चढले की बजेट कार्ड हा प्रकारच उरला नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो-चलनाने पद्धत बदलली आणि कार्डांनी चालणारं त्याचं मायनिंग थांबलं. वापरून झालेली कार्डं मग सेकंड हँड बाजारात ओतली गेली. त्यातलं ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’ लक्षात ठेवावं. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर, म्हणजे चित्र काढणारे छोटे कोर, असतात. २०४८ असतात ५७० मध्ये. नाव मोठ्या भावाचं, माल धाकट्याचा. जानेवारी २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी नवंकोरं होतं, पण त्यातून मदरबोर्डशी बोलायच्या चार लेन सोडून बाकीच्या वगळल्या होत्या आणि व्हिडिओ रेकॉर्ड करणारा भाग, म्हणजे एन्कोडरही. जुन्या बोर्डावर ते आणखी मंदावतं, आणि रेकॉर्डिंगचा सगळा भार प्रोसेसरवर येतो.

रुपयाकडेही बघायला हवं. २०११ च्या सुरुवातीला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये ८५ च्या पुढे. शंभर डॉलरची चिप काही न बदलता साडेचार हजारांवरून साडेआठ हजारांवर गेली, आणि वर १८ टक्के जीएसटी.

म्हणून सध्या कंपन्यांनी काढून टाकलेल्या रिफर्बिश्ड मशीनना गिऱ्हाईक आहे. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. इंटेलचं स्वतःचं आर्क बी५८० १२ जीबी मेमरी घेऊन आलं, पण त्याला रिसाइझेबल बार ही सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) असलेला बोर्ड हवा. चौथ्या पिढीच्या जुन्या मशीनमध्ये ते कार्ड पाय ओढत चालतं. त्यातच २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. एएमडीचा एएम४ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) २०१७ पासून बाजारात असूनही अजून कोटेशनवर दिसतो, तो यामुळेच, कारण त्याच्या बोर्डावर जुनी डीडीआर४ रॅम चालते. घरात डीडीआर४ च्या दोन स्टिक पडून असतील, तर रायझन ५ ५६०० आणि साधा बोर्ड एवढ्यावर निम्मं मशीन उभं राहतं आणि उरलेला पैसा कार्डाला जातो.