ड्रॉपर सीटपोस्ट : भरवशाचा कसा निवडायचा

ड्रॉपर सीटपोस्ट म्हणजे माउंटन बाइकचा असा सीटपोस्ट जो सायकल चालवता चालवता, हँडलवरचा छोटा लिव्हर अंगठ्याने दाबून खाली-वर करता येतो. बोलताना सगळे नुसतं ड्रॉपर म्हणतात. चढावर सीट उंच लागते, पेडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा नाहीतर गुडघे भरून येतात, आणि उतार लागला की तीच उंच सीट आडवी येते, अंग मागे आणि खाली नेता येत नाही, पुढच्या चाकावरून कोलांटी खायची भीती. येऊरला, खारघरच्या टेकड्यांवर किंवा कर्जतच्या बाजूला एकसलग चढ आणि एकसलग उतार असा प्रकार नसतोच, दर दोन मिनिटाला खाली-वर, तिथे प्रत्येक वेळी उतरून क्लॅम्प, म्हणजे सीटपोस्ट आवळून धरणारी पकड, सोडवायचा, सीट खाली करायची, परत वर करायची हे कोणी करत नाही, मग लोक उंच सीटवरच उतरतात आणि पडतात.

ही कल्पना जुनी आहे. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी हाइट-राइट नावाची एक स्प्रिंग काढली होती, क्लॅम्प सैल केला की ती सीटला वर ढकलायची, पण हात खाली घालावा लागायचा. २००० नंतर ग्रॅव्हिटी ड्रॉपरसारखे खऱ्या अर्थाने लिव्हरवाले पोस्ट आले, त्यात पिन ठरलेल्या खाचांमध्ये बसायची. २०१० मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा रिव्हर्ब आला, हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, कुठल्याही उंचीवर थांबणारा, आणि तिथून ड्रॉपर ही सगळ्यांना हवीशी वस्तू झाली. डांबरी रस्त्यावर शर्यती करणाऱ्या रोडवाल्यांनी बरीच वर्षं याकडे बघितलंसुद्धा नाही, मग २०२२ ला स्लोव्हेनियाच्या मातेय मोहोरिचने मिलान–सान रेमो शर्यतीत पोज्जिओ या शेवटच्या टेकडीच्या उतारावर ड्रॉपर लावलेल्या रोड बाइकवर सगळ्यांना मागे टाकून शर्यत जिंकली.

आत काय असतं ते समजलं की निवड अर्धी झाली. ऑफिसच्या खुर्चीखालचा गॅसचा दांडा आठवा, बऱ्याचशा ड्रॉपरमध्ये तेच तत्त्व आहे. एक जाड नळी फ्रेममध्ये बसते, तिच्यातून बारीक चकचकीत नळी वर-खाली सरकते, आणि आत एक कार्ट्रिज असतं ज्यात दाबलेली हवा वर ढकलायचं काम करते आणि तेल जागेवर लॉक करायचं. लिव्हर दाबला की व्हॉल्व्ह उघडतो, वर बसलेले असाल तर सीट खाली जाते, नसाल तर हवा तिला वर आणते. सीट आपोआप खाली जात नाही, वजन तुम्हालाच टाकावं लागतं, हे नव्या माणसाला पहिल्यांदा कळत नाही आणि तो म्हणतो पोस्ट बिघडलाय. बारीक नळी गोल फिरू नये म्हणून दोन नळ्यांच्या मधे पितळी चाव्या, म्हणजे खाचेत बसणाऱ्या छोट्या कांड्या, बसवलेल्या असतात, आणि नीट सरकायला बुश नावाच्या कड्या. या चाव्या आणि बुश झिजले की सीट डगमगते, ज्याला प्ले आला म्हणतात.

आता माप, कारण ड्रॉपर परत करायची वेळ येते ती बहुतेकदा मापामुळे. पहिला व्यास. २७.२, ३०.९, ३१.६ आणि ३४.९ मिमी हे नेहमीचे, आणि हा आकडा जुन्या पोस्टवर कोरलेला असतो किंवा व्हर्नियरने मोजायचा, डोळ्याने अंदाज करायचा नाही कारण ३०.९ आणि ३१.६ हातात घेतले तरी सारखेच वाटतात. बारीक पोस्ट जाड फ्रेममध्ये शिम, म्हणजे मधली फट भरणारी पातळ नळी, घालून बसतो, उलटं होत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त हार्डटेलना, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या माउंटन बाइकना, २७.२ असतो आणि तिथे पर्याय कमी, ट्रॅव्हल म्हणजे सीट जेवढी खाली-वर होते ते अंतर कमी, आतली नळीही बारीक असल्याने थोडा लवचिक. तरी घ्यायचा तर घ्या, पण जाड पोस्टइतका टणकपणा मागू नका.

दुसरं माप ट्रॅव्हल, आणि इथे लोक हावरेपणा करतात. आपली सीट योग्य उंचीवर ठेवून पोस्ट फ्रेममध्ये शिरतो त्या कॉलरपासून सीटच्या रेलपर्यंत, म्हणजे सीटखालच्या दोन दांड्यांपर्यंत, मोजा. समजा १९० मिमी आलं. १५० ट्रॅव्हलच्या ड्रॉपरला १५० अधिक पोस्टच्या वरच्या डोक्याची आणि पोस्टच्याच कॉलरची उंची लागते, जिला स्टॅक म्हणतात, ती एखाद्याची ३८ असेल तर १८८ होतात, बसला, दुसऱ्याची ५० असेल तर २०० होतात आणि सीट तुमच्यासाठी १० मिमी उंच राहणार, कायमची. म्हणजे ट्रॅव्हल तेवढाच, पण एक पोस्ट बसतो आणि एक नाही. मी माझा पहिला ड्रॉपर हे न मोजता घेतला होता आणि आठवडाभर टाचा उचलून पेडल मारत होतो, म्हणून कळकळीने सांगतोय. वनअप कंपनीच्या पोस्टचा ट्रॅव्हल आत छोट्या शिम घालून १० किंवा २० मिमीने कमी करता येतो, पीएनडब्ल्यू कंपनीच्या रेनियर आणि लोम या पोस्टमध्ये तो ३० मिमीपर्यंत हातानेच कमी होतो, उंची कमी असलेल्यांना ही मोठीच सोय. तिसरं माप आतलं, म्हणजे सीट ट्यूब, फ्रेमची ज्या नळीत पोस्ट बसतो ती, किती खोल सरळ आहे, मधे वाकलीय का, बाटलीच्या स्टँडचे स्क्रू आत डोकावतात का. ड्रॉपर लांब असतो, खाली लिव्हरकडून येणारी तार वळायलाही जागा लागते.

भरवसा म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, मुंबईत बसून घेताना कधीच बिघडत नाही असा पोस्ट शोधण्यापेक्षा बिघडल्यावर इथे उघडता येईल असा शोधावा. म्हणून तारेवर चालणारा. त्याला गिअरचीच तार आणि गिअरचाच आउटर, म्हणजे तारेवरचं बाहेरचं आवरण, लागतो, जो काळबादेवीच्या सायकल बाजारात मिळतो आणि गल्लीतल्या चांगल्या सायकलवाल्याकडेही मिळतो, तार तुटली तर संध्याकाळपर्यंत सायकल परत ट्रेलवर, म्हणजे कच्च्या वाटेवर. तेलाच्या लिव्हरवाल्याचं दाबणं मऊ असतं, मान्य, पण ब्लीड करायचं, म्हणजे तेलातली हवा काढायचं किट, योग्य तेल आणि ते करणारा माणूस हे तिन्ही एका जागी मिळवायचे. बिनतारी प्रकार, म्हणजे रिव्हर्ब एएक्सएस, २०१९ मध्ये आला, फ्रेममधून तार ओढायची कटकट नाही, पण किंमत बघता बॅटरी चार्ज करायला विसरणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी गोष्ट कार्ट्रिज. वर्ष-दोन वर्षांनी कधीतरी तेलात हवा मिसळते आणि बसलं की सीट सोफ्यासारखी दबते, मग पोस्ट टाकून द्यायचा की कार्ट्रिज बदलून चालू ठेवायचा, हा प्रश्न विकत घेतानाच विचारायचा. सीलबंद कार्ट्रिज बदलता येणारे पोस्ट, ज्यात ब्रँड-एक्स असेंडसारखे स्वस्तातलेही येतात, मला जास्त पटतात, नवं कार्ट्रिज आत सरकवलं की काम झालं. बाइकयोक कंपनीच्या रिव्हाइव्ह पोस्टमध्ये शिरलेली हवा बाहेर काढायला वेगळा व्हॉल्व्हच दिलाय, एका चावीने मिनिटात काम, अतिशय सुंदर विचार. विकणाऱ्याला सरळ विचारा, कार्ट्रिज, बुश आणि सील सुटे मिळतात का, आणि गोल गोल उत्तर मिळालं तर पुढच्या दुकानात जा.

दुकानात हातात घेऊन बघायचं असेल तर अर्ध्यावर थांबवून वर बसा, तसूभरही दबता कामा नये. सीटचं नाक धरून डावी-उजवीकडे हलवा, अगदी किंचित हालचाल नव्यातही असते, पण पुढे-मागे खटखट करत असेल तर घेऊ नका. सेकंड हँड असेल तर चकचकीत नळीवर नख फिरवा, ओरखड्यात नख अडकलं की तिथून सील कापलं जाणार.

बऱ्याचदा पोस्ट चांगला असतो आणि बसवणं वाईट असतं. सीट हळू वर येते अशी तक्रार असली की आधी क्लॅम्प अर्धा फेरा सैल करून बघायचा, लगेच पळायला लागली तर क्लॅम्पने नळी आवळली होती, साधारण ५ ते ६ न्यूटन मीटर पुरतं, छापलेला आकडा बघा आणि टॉर्क रेंच वापरा. तार जास्त ताणलेली असेल तर व्हॉल्व्ह कायम किंचित उघडा राहतो आणि वर बसलं की लिव्हर न दाबताही सीट खाली सरकते, सैल असेल तर उघडतच नाही. हे दोन तपासल्याशिवाय पोस्ट खोलायचा नाही.

आणि मग आपला पावसाळा. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर सरासरी २३०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, आणि ट्रेलचा खरा मोसमही तोच, लाल चिखल मागच्या चाकावरून थेट त्या चकचकीत नळीवर उडतो. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसायचं, मग दोन-चार वेळा खाली-वर करायचं, आधी पुसायचं हे महत्त्वाचं, नाहीतर माती सीलच्या आत ओढली जाते. प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर मारायचा नाही. महिन्यातून एकदा पोस्ट बाहेर काढून सायकल उलटी करून फ्रेममधलं पाणी सांडायचं, आपल्या खाऱ्या दमट हवेत तार आतून गंजते आणि लिव्हर जड होतो, म्हणून सुरुवातीलाच स्टेनलेस तार टाकावी. कॉलरवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला तर पाणी आत जाणं बरंच कमी होतं.

जागेअभावी आपण सायकली भिंतीला टांगतो, तिथे एक चूक फार होते. सीट खाली असताना सीटला धरून सायकल उचलली किंवा सीटवर टांगली तर आतलं कार्ट्रिज उलट्या बाजूने ओढलं जातं आणि काही पोस्टमध्ये, विशेषतः जुन्या रिव्हर्बमध्ये, हवा तेलात शिरते. टांगायची तर चाकाला, आणि टांगण्याआधी सीट पूर्ण वर आणून. बिल्डिंगच्या जिन्यातून चढवतानाही हात फ्रेमलाच घालायचा.

मरीन ड्राइव्ह, वरळी सी-फेस किंवा नॅशनल पार्कातला कान्हेरीपर्यंतचा डांबरी रस्ता एवढंच चालवत असाल तर ड्रॉपरची गरज नाही, त्याचं वजन साध्या पोस्टपेक्षा पाव किलो तरी जास्तच भरतं. त्या पैशात चांगले टायर घ्या, आणि हेल्मेट जुनं झालं असेल तर आधी ते बदला.